सोमवारची मिस्सा

८ डिसेंबर २०२४ ला रविवार आला आणि अमेरिकेतल्या कॅथलिक घरांत एक साधा प्रश्न उभा राहिला: सोमवारी मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जायचं की नाही? ८ डिसेंबर हा पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण, म्हणजे ती आपल्या आईच्या पोटी पापाच्या डागाविना आली या श्रद्धेचा. अमेरिकेत त्या दिवशीची मिस्सा चुकवायची नसते. पण त्या वर्षी त्याच दिवशी आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, दुसरा रविवार होता, आणि आगमनकाळातल्या रविवारापुढे हा सण मागे सरतो. म्हणून सण सोमवारी, ९ तारखेला गेला. सणाच्या पाठोपाठ मिस्सेचं बंधनही गेलं का? या एका सोमवारबद्दल वर्षभरात आधी ‘नाही’, मग ‘हो’ आणि शेवटी पुन्हा ‘नाही’ अशी उत्तरं आली.

पंचांग पाहणाऱ्या घरांना असा पेच ओळखीचा आहे. कधी लागोपाठ दोन दिवसांवर एकादशी छापलेली असते, एक स्मार्त, दुसरी भागवत. वारकरी भागवत एकादशी धरतो, बाकीचे आपल्या घरची रीत पाहतात, आणि दोघांचाही उपास खरा असतो. कॅथलिकांकडे मात्र हे घराच्या रीतीवर सोपवलेलं नाही. इथे लेखी कायदा आहे, कलमं आहेत आणि अर्थ लावणारी खाती आहेत. गंमत म्हणून नव्हे, तर विवेकाला टोचणी लागते म्हणून लोक ती कलमं उघडून बसतात. जाणूनबुजून, सबळ कारणाशिवाय मिस्सा चुकवणं हे गंभीर पाप, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. तेव्हा ‘सोमवारी जायचं का’ हा प्रश्न श्रद्धावंताला छातीवर दगड ठेवल्यासारखा जड वाटू शकतो. त्याला नेमकं उत्तर मिळणं हा त्याचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं.

मूळ कायदा असा. १९८३ च्या कॅनन कायद्याचं, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेचं, कलम १२४६ आधी रविवारला पहिला मान देतं आणि मग दहा सण सांगतं: नाताळ, प्रभूचं प्रकटीकरण म्हणजे तीन राजांचा सण, स्वर्गारोहण, ख्रिस्तशरीराचा सण, देवमाता मरिया, निष्कलंक गर्भसंभव, मरियेचं स्वर्गोन्नयन, संत योसेफ, संत पेत्र व पौल आणि सर्व संत. त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की त्या त्या देशाची बिशप परिषद रोमची संमती घेऊन यातल्या काही सणांचं बंधन काढू शकते किंवा ते सण रविवारी नेऊ शकते. ही यादी पूर्वी बरीच लांब होती. १६४२ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी ती छत्तीसच्या आसपास आणून ठेवली, तीही कमी करून! १९११ मध्ये दहावे पायस यांनी आठच सण ठेवले आणि १९१७ च्या कायद्याने पुन्हा दहा केले. म्हणजे बंधनाचा आकडा काही दगडावरची रेघ नाही. माणसांच्या कामाधंद्याकडे, गावाच्या सुट्ट्यांकडे पाहून तो हलत आला आहे.

आता सण का सरकतो ते पाहू. उपासनेच्या दिवसांची एक उतरंड आहे. १९६९ मध्ये सहावे पॉल यांनी नवं कॅलेंडर मंजूर केलं, त्यासोबतच्या नियमांत ती दिली आहे. सगळ्यांत वर ईस्टरचे तीन पवित्र दिवस. त्याखालच्या पायरीवर नाताळ, प्रकटीकरण, स्वर्गारोहण, पेन्टेकॉस्ट, आणि त्यांच्याच बरोबरीने आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा) व पुनरुत्थानकाळ (ईस्टरनंतरचा) यांतले रविवार, राखेचा बुधवार, पवित्र आठवड्याचे दिवस आणि ईस्टरनंतरचे आठ दिवस. मरियेचे आणि संतांचे मोठे सोहळे त्याच्याही खाली येतात. सामान्यकाळातले, म्हणजे या खास काळांबाहेरचे, रविवार आणखी खाली. एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप सुटतं. १५ ऑगस्टचं मरियेचं स्वर्गोन्नयन आणि १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा सण सामान्यकाळात पडतात, म्हणून रविवारी आले तर ते रविवारची जागा घेतात, सरकत नाहीत. १ नोव्हेंबर २०२६ रविवारीच आहे आणि त्या दिवशी सर्व संतांचीच मिस्सा होईल. ८ डिसेंबर मात्र नेहमी आगमनकाळात आणि १९ मार्च, संत योसेफांचा सण, जवळजवळ नेहमी प्रायश्चित्तकाळात, म्हणून सरकण्याची पाळी यांच्यावरच येते. जुन्या कॅलेंडरात, १९६० च्या नियमांनुसार, निष्कलंक गर्भसंभवाचा सण आगमनकाळाच्या रविवारालाही बाजूला सारत असे. आज इटली आणि स्पेनला तशी खास परवानगी मिळते. २०२४ मध्येही रोममध्ये हा सण ८ तारखेला रविवारीच झाला, आणि त्याच दिवशी न्यू यॉर्कमध्ये वेदीवर आगमनकाळाचा जांभळा रंग होता.

हा रंगाचा फरक सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चमधल्या वस्त्रांच्या खोलीत, उभं राहिलं की डोळ्यांत भरतो. शनिवारी संध्याकाळी जांभळी वस्त्रं काढून ठेवायची, आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांतली दुसरी पेटवायची. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत नाही, कारण आगमनकाळाच्या रविवारी तो म्हणत नाहीत. शुभवर्तमान लूकच्या तिसऱ्या अध्यायातलं, रानात हाक देणाऱ्या योहानाचं. रविवारची शेवटची मिस्सा संपली की जांभळं घडी करून खणात जातं आणि सोमवार सकाळसाठी पांढरं बाहेर येतं. मिस्साग्रंथाची फीत आगमनकाळातून उचलून ८ डिसेंबरच्या पानावर लावायची. तारीख ९ असली तरी पान ८ चंच. आता ‘ग्लोरिया’ आहे आणि ‘मी विश्वास ठेवतो’ हे श्रद्धावचनही आहे. पहिलं वाचन उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातलं, ‘तू कुठे आहेस?’ असं देव आदामाला विचारतो ते. मग लूकचा पहिला अध्याय, गाब्रिएल आणि मरिया. रविवारी संध्याकाळच्या मिस्सेत यातलं काहीच येत नाही, कारण त्या संध्याकाळवर रविवारचा हक्क मोठा. चूक होते ती नेमकी इथे. सोमवारचा सण म्हणून रविवारी संध्याकाळी पांढरी वस्त्रं घालून गाब्रिएलचं शुभवर्तमान वाचलं, तर उतरंड मोडते.

आता ती तीन उत्तरं. अमेरिकेत बरीच वर्षं असं धरलं जाई की ८ डिसेंबर सोमवारवर सरकला तर सण सरकतो, बंधन सरकत नाही. २०२४ साठीही सुरुवातीला तेच सांगितलं गेलं. मग इलिनॉयमधल्या स्प्रिंगफिल्डचे बिशप थॉमस पाप्रोकी यांनी रोमच्या कायदेविषयक विभागाकडे विचारणा केली. ४ सप्टेंबर २०२४ च्या तारखेचं उत्तर आलं: कलम १२४६ दहा सण नावाने सांगतं आणि सरकलेल्या सणाला कुठलाही अपवाद करत नाही, म्हणून सण जाईल तिथे बंधनही जाईल. डिसेंबर तोंडावर आला होता. वर्षभराची पत्रकं छापून झाली होती. धर्मग्रामांना, म्हणजे स्थानिक चर्चांना, सोमवारच्या मिस्सा वाढवाव्या लागल्या, आणि काही बिशपांनी आपल्या धर्मप्रांतापुरती त्या दिवसाची सूट दिली. तो अधिकार त्यांना कलम ८७ ने आहे. पुढे जानेवारी २०२५ मध्ये रोमच्या उपासना विभागाने टिपण काढून उलट निर्णय दिला: वरच्या दर्जाच्या दिवसामुळे एखाद्या वर्षी सण सरकला, तर मिस्सेचं बंधन त्याच्यासोबत सरकत नाही.

सप्टेंबरच्या उत्तरात तर्काची चूक नव्हती, हे मान्य करायला हवं. कलमात तारखा नाहीत, सणांची नावं आहेत. बंधन नावाला चिकटलेलं असेल, तर नाव जिथे जाईल तिथे तेही जाणार. तरी मला जानेवारीचं उत्तर जास्त माणसातलं वाटतं, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. ८ डिसेंबर ही तारीख लोकांच्या हाडीमाशी असते. आजीने सांगितलेली, शाळेत शिकलेली, लग्नाची तारीख काढताना टाळलेली. तारीख सरकली हे ज्याला कुणी सांगितलंच नाही, त्याच्यावर सोमवारचं बंधन टाकणं म्हणजे बेसावध माणसाला पकडणं. शिवाय बंधनाच्या दृष्टीने त्या आठवड्यात काही बुडत नाही, कारण ८ तारखेला तो मिस्सेत असतोच, रविवार म्हणून. राहिला मरियेचा मान. तो सोमवारच्या पांढऱ्या वेदीपुढे आपखुशीने आलेल्यांकडून पुरेपूर मिळतो.

एवढं मात्र ध्यानात ठेवावं की हे टिपण एखाद्या वर्षीच्या सरकण्याबद्दल आहे. कायमच्या बदलाची गोष्ट वेगळी. भारतात तीन राजांचा सण ६ जानेवारीऐवजी रविवारी होतो आणि स्वर्गारोहणही गुरुवारऐवजी रविवारी. अमेरिकेतल्या बहुतेक ठिकाणी स्वर्गारोहण रविवारी गेलं आहे, पण बॉस्टन, हार्टफर्ड, न्यू यॉर्क, न्यूअर्क, फिलाडेल्फिया आणि ओमाहा या प्रांतांत ते गुरुवारीच आहे. असा सण बिशप परिषदेने रोमच्या संमतीने रविवारी नेलेला असतो. तिथे बंधन हरवत नाही, रविवारच्या बंधनात मिसळतं. न्यू जर्सीत राहणारा वसईकर आणि टेक्सासमधला त्याचा भाऊ यांचं स्वर्गारोहण म्हणून तीन दिवसांच्या अंतराने होतं, आणि दोघेही बरोबर असतात.

अमेरिकेत याच्या बरोबर उलटाही एक नियम आहे आणि गोंधळ त्यानेच जास्त होतो. १ जानेवारी १९९३ पासून तिथे असं आहे की १ जानेवारी (देवमाता मरिया), १५ ऑगस्ट किंवा १ नोव्हेंबर शनिवारी किंवा सोमवारी आला तर मिस्सेचं बंधन उठतं. सण जागचा हलत नाही, पांढरी वस्त्रं, ग्लोरिया सगळं जागच्या जागी, फक्त बंधन नाही. १ नोव्हेंबर २०२५ शनिवारी होता, तेव्हा हेच झालं. १५ ऑगस्ट २०२६ शनिवारी आहे आणि १ नोव्हेंबर २०२७ सोमवारी. पण या सवलतीत ८ डिसेंबर नाही आणि नाताळही नाही. निष्कलंक गर्भसंभवा मरिया ही अमेरिकेची आश्रयदाती. १८४६ मध्ये तिथल्या बिशपांनी तिला निवडलं आणि पुढच्या वर्षी नववे पायस यांनी मान्यता दिली. म्हणून ८ डिसेंबर २०२५ सोमवारी आला तेव्हा बंधन पुरेपूर होतं. लागोपाठच्या दोन वर्षांत दोन सोमवार: ९ डिसेंबर २०२४, सरकून आलेला, आणि ८ डिसेंबर २०२५, आपल्या तारखेला आलेला. दोन्हींना एकच नियम लावला की चूक झालीच. ही शनिवार-सोमवारची सवलत अमेरिकेची आहे, जागतिक कायद्यात ती नाही. तिकडचा तक्ता फोनवर आला म्हणून पणजीत किंवा वसईत तो लावू नये. इथे आपल्या धर्मप्रांताचं कॅलेंडर पाहावं.

आता हिशेबाचा भाग. सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून पाहू. कलम १२४८ सांगतं की सणाच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी संध्याकाळी, कुठल्याही कॅथलिक विधीतल्या मिस्सेत भाग घेतला की बंधन पूर्ण होतं. यात तीन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, कोणती वाचनं होती, वस्त्रं कुठल्या रंगाची होती याने फरक पडत नाही. पाहायचं ते घड्याळाकडे. ‘संध्याकाळ’ किती वाजता सुरू होते ते कलमात लिहिलेलं नाही. १९५३ मध्ये बारावे पायस यांनी संध्याकाळच्या मिस्सेला परवानगी देताना दुपारी चारच्या आधी नको असं म्हटलं होतं, त्यामुळे चार ही बिनधोक खूण. दुसरी, ‘कुठल्याही कॅथलिक विधीत’ म्हणजे लॅटिन विधीचा मुंबईकर कल्याणच्या, केरळी परंपरेतल्या सिरो-मलबार चर्चमधल्या कुर्बानाला, म्हणजे त्यांच्या मिस्सेला, गेला तरी चालतं. सिरो-मलबार लोकांना मात्र स्वतःचा कायदा आणि स्वतःच्या सणांची यादी आहे. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची: दोन बंधनं असतील तर मिस्सा दोन. एका मिस्सेत दोन दिवस उरकत नाहीत, त्या मिस्सेची वेळ दोन्हीत बसत असली तरी.

नाताळावरून हे चांगलं कळतं. २४ डिसेंबर २०२३ ला रविवार होता आणि २५ ला सोमवार. २०२८ मध्ये पुन्हा तसंच आहे. वसईत, गोव्यात, पुण्यात माणसं वर्षभर वाट पाहतात ती २४ च्या रात्रीच्या मिस्सेची. त्या दिवशी रविवारी सकाळी घरात करंज्या तळल्या जात असतात, येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला शेवटचा हात फिरत असतो, आणि मनात असतं की रात्री जायचंच आहे. पण ती सकाळ आगमनकाळाच्या चौथ्या रविवारची. रात्रीची मिस्सा नाताळसाठी धरली, तर रविवारसाठी शनिवारी २३ ला संध्याकाळची किंवा रविवारी दिवसा एक मिस्सा हवीच. रविवारी संध्याकाळी पाचला नाताळच्या जागरणाची मिस्सा असेल, तर ती रविवारसाठी धरता येईल किंवा नाताळसाठी, दोन्हींसाठी नाही. रविवारसाठी धरली, तर मध्यरात्री किंवा सोमवारी सकाळी पुन्हा जायचं. काही घरं रविवारी सकाळी आठची मिस्सा करतात आणि मग रात्रीची. हे सगळ्यांत सोपं आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदरही, कारण चार मेणबत्त्या एकदा तरी पूर्ण पेटलेल्या पाहून माणूस गोठ्यापाशी येतो. २०२७ मध्ये नाताळ शनिवारी आहे. तेव्हाही रविवार वेगळा मोजायचा, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारसाठी चालते. अट एवढीच की नाताळची मिस्सा आधी झालेली असावी.

बंधन कुणावर, हेही सांगायला हवं. कलम ११ प्रमाणे समज आलेला आणि सात वर्षं पूर्ण झालेला कॅथलिक. आजारी माणूस, तान्ह्या बाळाची आई, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी बसलेली सून, ड्युटी सोडता न येणारी नर्स, यांना कुणाकडे परवानगी मागायची गरज नाही; कारणच त्यांना मोकळं करतं. कारण तेवढं सबळ नसेल आणि तरी अडचण खरी असेल, तर धर्मग्रामाचे फादर कलम १२४५ प्रमाणे त्या त्या व्यक्तीला सूट देऊ शकतात किंवा मिस्सेऐवजी दुसरं भक्तिकर्म सांगू शकतात. फादरांना विचारायला लोक लाजतात, ते नको. तो अधिकार वापरण्यासाठीच दिलेला आहे. टीव्हीवरची मिस्सा आजाऱ्याला आधार देते, पण ती बंधन पूर्ण करत नाही; ज्याला जाता येत नाही त्याच्यावर मुळात बंधनच नसतं. कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) न घेताही बंधन पूर्ण होतं, हेही पुष्कळांना माहीत नसतं आणि त्यापायी काही जण मिस्साच टाळतात.

प्रवासाचा नियम कलम १२ मध्ये आहे. जागतिक कायदा जिथे लागू नाही अशा प्रदेशात असलेल्या माणसाला तो लागत नाही, आणि जिथे लागू आहे तिथे लागतो. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या वसईच्या आईवर ८ डिसेंबर २०२५ चं बंधन होतं, मग गावाकडच्या कॅलेंडरात काहीही असो. तिथून गावी आलेल्या मुलावर, इथे जो सण बंधनाचा नाही त्याचं बंधन राहत नाही. आखाती देशांत जिथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, तिथे रविवारची मिस्सा शुक्रवारीही होते आणि रविवारसाठी धरली जाते. कुवेतमधल्या गोवेकराला हे नव्याने सांगावं लागत नाही.

तारीख आणि सण यांची सर्वांत मोठी ताटातूट पवित्र आठवड्यात होते. २००८ मध्ये ईस्टर २३ मार्चला, फार लवकर आला. १७ मार्च, म्हणजे संत पॅट्रिकचा दिवस, झावळ्यांच्या रविवारानंतरच्या सोमवारी पडला. आयर्लंडमध्ये हा बंधनाचा सण. चर्चने तो शनिवारी १५ मार्चला घेतला, सरकारी सुट्टी आणि मिरवणूक १७ लाच राहिली. २०२४ मध्ये २५ मार्चचा देवदूताच्या निरोपाचा सण पवित्र सोमवारी आला, म्हणून थेट ८ एप्रिलला गेला, कारण पवित्र आठवडा आणि ईस्टरचे आठ दिवस ओलांडल्याशिवाय त्याला जागाच नव्हती. त्या सणाला बंधन नसल्याने कुणी वाद घातला नाही. सोमवारी सकाळी थोडी माणसं आली, मिस्सा झाली, आणि तोवर नाताळला साडेआठ महिनेच उरले होते.

८ डिसेंबर पुन्हा रविवारी येईल तो २०३० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, २०२९ मध्ये, तो शनिवारी आहे, तेव्हा अमेरिकेत शनिवार आणि रविवार अशा दोन मिस्सा लागतील. २०३० मध्ये सण सोमवारी ९ तारखेला जाईल आणि आजच्या नियमाप्रमाणे बंधन नसेल. सूचनाफलकावर ते तेवढ्याच स्पष्ट शब्दांत लिहावं: ‘सोमवार ९ डिसेंबर, निष्कलंक गर्भसंभवाचा सण. मिस्सा बंधनकारक नाही.’ आणि त्याखाली मिस्सेच्या वेळा ठळक अक्षरांत द्याव्यात: एक सकाळी कामावर जाण्याआधी, एक संध्याकाळी कामावरून परतताना.